आजीवन साठवणुकीची पावती फाडण्यापूर्वी

पत्राचा सारांश: पश्चिम महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी दोघे भाऊ लग्नसमारंभांच्या फोटो आणि व्हिडिओ शूटिंगचा व्यवसाय करतात. पत्र थोरल्या भावाचे आहे. वर्षाला चाळीसेक लग्ने होतात आणि दोन कॅमेरे व ड्रोन मिळून प्रत्येक लग्नाचे साधारण ५०० जीबी फुटेज जमते. अल्बम आणि पेनड्राइव्ह पोहोचवल्यानंतरही मूळ फुटेज पुसण्याचे धाडस होत नाही, कारण दोन-तीन वर्षांनीसुद्धा एखाद्या पार्टीचा फोन येतो. कपाटात हार्ड डिस्कची रांग लागली आहे आणि खालच्या कप्प्यात जुन्या कामांच्या डीव्हीडी पडून आहेत. धाकट्या भावाने आता योजना काढली आहे, की ग्राहकाकडून एकदाच ४,००० रुपये घेऊन फुटेजच्या ‘आजीवन साठवणुकी’ची हमी द्यावी. दोन प्रतींसाठी लागणाऱ्या डिस्कचा आजचा खर्च ३,००० रुपये येतो. उरलेले हजार रुपये पुढच्या सगळ्या वर्षांना पुरतील, असे तो म्हणतो. त्याचा आधार असा, की दरवेळी शास्त्रज्ञ मर्यादा आली असे सांगतात आणि दरवेळी ती ओलांडली जाते. दहा वर्षांनी हे सगळे नखाएवढ्या चिपवर मावेल. गेल्या हंगामात तीन-चार कुटुंबांना त्याने तसा तोंडी शब्दही दिला आहे. पत्रलेखकाला हे पटत नाही, पण प्रतिवाद सुचत नाही. साठवणुकीचे तंत्रज्ञान खरोखरच अशा मर्यादा ओलांडत राहील का, असे त्यांनी विचारले आहे.

उत्तर:

तुमच्या धाकट्या बंधूंच्या म्हणण्यात दोन विधाने एकमेकांत मिसळून गेली आहेत. पहिले असे, की साठवणुकीच्या तंत्रज्ञानापुढे ज्या मर्यादा सांगितल्या गेल्या त्या आजवर ओलांडल्या गेल्या. दुसरे असे, की म्हणून साठवणूक आजवर ज्या वेगाने स्वस्त झाली त्याच वेगाने ती यापुढेही स्वस्त होत राहील. पहिले विधान बऱ्याच अंशी खरे आहे आणि त्याचे श्रेय बंधूंना द्यायला हवे. दुसरे विधान मात्र पहिल्यातून निघत नाही, आणि ४,००० रुपयांची पावती दुसऱ्यावरच उभी आहे. तुम्ही प्रश्न पहिल्याबद्दल विचारला आहे. निर्णय मात्र दुसऱ्याबद्दल घ्यायचा आहे. तरीही सुरुवात पहिल्यापासून करतो, कारण मर्यादा ‘ओलांडली’ म्हणजे नेमके काय झाले हे समजल्याशिवाय दुसऱ्याचा हिशेब करता येत नाही.

१९५६ साली आयबीएम कंपनीने पहिली व्यापारी हार्ड डिस्क बाजारात आणली. चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्यांचे ते यंत्र सुमारे एक टन वजनाचे होते आणि त्यात जेमतेम ५० लाख अक्षरे मावत. तबकडीच्या एका चौरस इंचावर तेव्हा सुमारे २,००० बिट (बिट म्हणजे शून्य किंवा एक अशी माहितीची सर्वांत लहान नोंद) लिहिले जात. आजच्या डिस्कवर तेवढ्याच जागेत एक हजार अब्जांहून अधिक बिट लिहिले जातात, म्हणजे सत्तर वर्षांत घनता पन्नास कोटी पटींहून अधिक वाढली. इतकी वाढ डोळ्यांसमोर असलेल्या माणसाला मर्यादेची भाषा हास्यास्पद वाटली, तर त्यात नवल नाही.

आता मर्यादा काय होती ते पाहू. तबकडीवरचा चुंबकीय थर काही नॅनोमीटर मापाच्या कणांचा बनलेला असतो आणि असे अनेक कण मिळून एक बिट नोंदवतात. घनता वाढवायची तर बिट लहान करावा लागतो, आणि वाचताना संकेत गोंगाटात हरवू नये म्हणून कणही लहान करावे लागतात. पण एकदा लावून दिलेली चुंबकीय दिशा टिकवून धरण्याची कणाची ताकद त्याच्या आकारमानावर अवलंबून असते. कण फार लहान झाला, की खोलीच्या साध्या तापमानातली उष्णतासुद्धा त्याची दिशा उलटवायला पुरते आणि कोणी हात न लावता नोंद पुसली जाते. हिला सुपरपॅरामॅग्नेटिक मर्यादा म्हणतात. नोंद दहा वर्षे टिकायची असेल, तर दिशा उलटवण्यासाठी लागणारी ऊर्जा त्या तापमानातील उष्मीय ऊर्जेच्या साधारण साठपट तरी असावी, असे अभियंते धरून चालतात. मग दिशा सहजासहजी न बदलणारा, अधिक हट्टी पदार्थ का वापरू नये? वापरता येतो, पण मग लिहिणाऱ्या हेडचे चुंबकीय क्षेत्रही त्याला वळवू शकत नाही, कारण हेडसाठी उपलब्ध असलेल्या मिश्रधातूंच्या ताकदीलाही वरची हद्द आहे. लहान कण, टिकाऊ नोंद आणि लिहिण्याची सोय या तीन गोष्टींपैकी दोन मिळवल्या, की तिसरी हातची जाते.

१९९७ साली अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या स्टॅन्ली चॅराप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या आधारावर गणित मांडून दाखवले, की तेव्हाच्या पद्धतीने चौरस इंचाला सुमारे ४० अब्ज बिटांच्या पलीकडे जाता येणार नाही. पुढच्या आठ-नऊ वर्षांत उद्योगाने त्याच्या दुपटीपेक्षा जास्त मजल मारली. बंधू ज्याला मर्यादा मोडणे म्हणतात ते हेच. परंतु उष्णतेचा नियम मोडला गेलेला नाही. तो १९९७ मध्ये जितका खरा होता तितकाच आजही आहे. बदलली ती त्या गणितात गृहीत धरलेली मांडणी: बिटाचा आकार कसा असावा, थर कसे रचावेत, कण कोणत्या दिशेने उभे करावेत, आणि वाचताना होणाऱ्या चुका किती प्रमाणात दुरुस्त करून घ्याव्यात. २००१ मध्ये आयबीएमने दोन चुंबकीय थरांच्या मध्ये रुथेनियम या धातूचा अवघ्या तीन अणूंच्या जाडीचा थर बसवला आणि नोंदीला जास्तीचे स्थैर्य मिळवून दिले. त्यानंतरची मोठी पायरी म्हणजे चुंबकीय दिशा तबकडीला समांतर न ठेवता लंब ठेवणे. तुमच्या भागात हे समजावून सांगणे सोपे आहे: आडवा पडलेला ऊस जितकी जमीन व्यापतो तितक्या जमिनीत उभा ऊस कितीतरी जास्त मावतो. ही कल्पना जपानमधील तोहोकू विद्यापीठाच्या शुन-इची इवासाकी यांनी १९७० च्या दशकातच मांडली होती. ती विकत घेता येईल अशा डिस्कमध्ये उतरली २००५ मध्ये, तोशिबा कंपनीच्या हातून.

यानंतरची पायरी सध्या चालू आहे. लोह आणि प्लॅटिनम यांच्या अतिशय हट्टी मिश्रधातूचा थर घ्यायचा, लेझरने त्यावरील एक सूक्ष्म ठिपका जेमतेम नॅनोसेकंदभर चारशे अंश सेल्सियसच्या वर तापवायचा, तेवढ्यात त्याचा हट्ट सैल झालेला असताना बिट लिहून घ्यायचा आणि ठिपका थंड झाला की नोंद पक्की, अशी ही युक्ती आहे. फिरत्या तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगणाऱ्या हेडमध्ये लेझर बसवण्याचे हे काम ज्यांनी केले त्यांच्या चिकाटीपुढे मी तरी नतमस्तक आहे. सीगेट कंपनीने त्याची प्रात्यक्षिके या शतकाच्या सुरुवातीलाच दाखवली होती. ‘लवकरच येत आहे’ असे त्यानंतर अनेकदा सांगितले गेले, आणि ३० टेराबाइटच्या वरच्या डिस्क या पद्धतीने मोठ्या ग्राहकांना मिळू लागल्या त्या २०२४ मध्ये.

या हकिकतीत तुमच्या कामाची गोष्ट म्हणजे मधली वर्षे. उभ्या नोंदीच्या कल्पनेला दुकानापर्यंत पोहोचायला जवळजवळ तीन दशके लागली, लेझरच्या युक्तीला दोन. मर्यादेतून वाट निघाली खरी, पण केव्हा निघेल हे कोणालाच आधी सांगता आले नाही. आणि तुमच्या व्यवसायाला वाट निघणार की नाही यापेक्षा ती केव्हा आणि काय दराने निघणार याच्याशी कर्तव्य आहे.

याचा सर्वांत बोलका पुरावा मार्क क्रायडर यांच्या अंदाजात सापडतो. हे गृहस्थ सीगेटचे मुख्य तंत्रज्ञान अधिकारी होते आणि कार्नेगी मेलनमध्ये प्राध्यापकही. डिस्कची घनता किती झपाट्याने वाढते याला २००५ पासून त्यांच्याच नावाने ‘क्रायडरचा नियम’ म्हटले जाऊ लागले. २००९ मध्ये त्यांनी लिहिले, की वर्षाला सुमारे ४० टक्के हा तेव्हाचा वेग टिकला, तर २०२० साली अडीच इंची, दोन तबकड्यांची डिस्क सुमारे ४० टेराबाइटची असेल आणि तिची किंमत ४० डॉलरच्या आसपास असेल. २०२० उजाडले तेव्हा अडीच इंची डिस्क पाच टेराबाइटपाशी अडकलेली होती आणि तीसुद्धा ४० डॉलरला मिळत नव्हती. क्रायडर यांच्याइतके हे क्षेत्र आतून पाहिलेला माणूस विरळाच. आणि तंत्रज्ञान पुढे जाईल हे त्यांचे म्हणणे खरेही ठरले. फक्त वेग टिकला नाही. १९९० च्या दशकात घनता वर्षाला सुमारे ६० टक्क्यांनी वाढत होती, शतक पालटताना काही वर्षे तर ती दरवर्षी जवळजवळ दुप्पट होत होती. २०१० नंतर ती वाढ दहा-पंधरा टक्क्यांवर आणि कधी त्याहूनही खाली आली. त्यात २०११ च्या थायलंडमधील पुराने कारखाने बुडाले आणि किमती काही काळ भडकल्या. आज जगात हार्ड डिस्क बनवणाऱ्या कंपन्या उरल्या आहेत तीन. लेझरच्या डिस्कही आधी विकल्या गेल्या त्या एकेका वेळी हजारोंच्या संख्येने डिस्क उचलणाऱ्या डेटा सेंटरांना. तालुक्याच्या दुकानात ती स्वस्ताई केव्हा उतरेल, हे पदार्थविज्ञान सांगत नाही.

बंधूंच्या नखाएवढ्या चिपबद्दलही बोलले पाहिजे. एक टेराबाइटचे मायक्रोएसडी कार्ड २०१९ पासून बाजारात आहे, म्हणजे त्यांचे दहा वर्षांनंतरचे स्वप्न आकारापुरते कधीच साकार झाले आहे. एका लग्नाच्या दोन्ही प्रती आजही नखाएवढ्या जागेत मावतील. तरीही तुम्ही कपाटात कार्डांऐवजी डिस्क ठेवता, कारण टेराबाइटमागे डिस्क स्वस्त पडते. वाद आकाराचा नसून किमतीचा आहे, हे तुमच्या कपाटानेच मान्य केले आहे.

अशा कार्डांत आणि पेनड्राइव्हमध्ये असते त्या फ्लॅश मेमरीचीही कथा मर्यादेला वळसा घालण्याचीच आहे. जपानचे फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात तोशिबामध्ये ती विकसित केली. तिच्यात प्रत्येक पेशीत अडकवून ठेवलेल्या विद्युतभारावरून बिट ओळखला जातो. पेशी लहान करत करत उद्योग पंधरा-सोळा नॅनोमीटरपर्यंत आला, आणि तिथे एकेका पेशीत इतके कमी इलेक्ट्रॉन उरले, की आणखी लहान करण्यात अर्थ राहिला नाही. मग सॅमसंगने २०१३ मध्ये पेशी जमिनीवर पसरण्याऐवजी चोवीस मजले चढवले. आता तीनशेहून अधिक मजल्यांच्या चिप निघतात. दुसरा मार्ग एका पेशीत अधिक बिट कोंबण्याचा. एक बिट ठेवायला विद्युतभाराच्या दोन पातळ्या ओळखाव्या लागतात, चार बिट ठेवायला सोळा. पातळ्या जितक्या दाट, तितका थोडासा भार गळला तरी घोटाळा होण्याचा संभव जास्त, आणि पेशी पुन्हा पुन्हा लिहिता येण्याची संख्या कमी. हे वाचताना तुमच्या लक्षात येईल, की इथे मर्यादेची किंमत टिकाऊपणातून वसूल केली गेली आहे, आणि ती किंमत भरणारा ग्राहक म्हणजे तुम्ही आहात. साध्या वापरातल्या एसएसडीसाठी, म्हणजे फ्लॅश मेमरीच्या डिस्कसाठी, उद्योगाने ठरवलेले मानक असे, की लिहिण्याचे आयुष्य वापरून झालेल्या एसएसडीने वीज न मिळता ३० अंश तापमानात एक वर्ष नोंद टिकवावी. नवी एसएसडी याहून पुष्कळ जास्त टिकवते. पण मे महिन्यात तापणाऱ्या पत्र्याच्या छपराखाली वर्षानुवर्षे न जोडता ठेवण्याची ती वस्तू नाही.

हार्ड डिस्कमध्येही असा एक वळसा आहे, जो तुम्हाला थेट भोवू शकतो. कौलांसारखे एकावर एक चढलेले नोंदींचे मार्ग (ट्रॅक) लिहून जास्त माहिती बसवणाऱ्या डिस्क गेल्या दशकापासून मिळतात. त्यांना एसएमआर म्हणतात. एकदा भरून ठेवून द्यायला त्या ठीक आहेत, पण जुने पुसून सतत नवे लिहायला गेलात तर त्या रखडतात, कारण एक मार्ग बदलायचा तर शेजारचे मार्गही पुन्हा लिहावे लागतात. एडिटिंगच्या कामाला किंवा अनेक डिस्कच्या नेटवर्क पेटीला त्या घेऊ नका. खरेदीपूर्वी मॉडेल क्रमांकावरून उत्पादकाच्या तपशीलपत्रात हे पाहता येते.

आणि काही वाटा खरोखरच बंद होतात. तुमच्या खालच्या कप्प्यातल्या डीव्हीडी हे त्याचे उदाहरण. सीडी ७८० नॅनोमीटरच्या प्रकाशाने वाचली जाते, डीव्हीडी ६५० च्या आणि ब्लू-रे ४०५ च्या. प्रकाशाची तरंगलांबी जितकी कमी तितका ठिपका बारीक, म्हणून क्षमता ७०० एमबीवरून ४.७ जीबी आणि तिथून प्रत्येक थराला २५ जीबी अशी वाढली. त्यापुढे अतिनील प्रकाशाकडे जायचे तर तबकडीचे प्लॅस्टिक आणि लेझर दोन्ही साथ सोडतात. इथेही थर वाढवून थोडी मजल मारली गेली, पण तोवर लोकांना तबकडी नकोशी झाली होती. सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये लिहिण्याच्या ब्लू-रे तबकड्यांचे उत्पादन थांबवले. इंटेल आणि मायक्रॉन यांनी २०१५ मध्ये गाजावाजा करून जाहीर केलेली एक नवी मेमरी तर तांत्रिकदृष्ट्या उत्तम असूनही २०२२ मध्ये गुंडाळली गेली, कारण ती पुरेशी विकली गेली नाही. ज्या माध्यमांच्या वाटा बंद झाल्या, त्यांचा शेवट बहुतेकदा असा ताळेबंदात झाला आहे.

अगदी तळाची मर्यादा कुठे आहे, असे कोणी विचारले, तर ती अजून फार दूर आहे. आयबीएमच्या संशोधकांनी २०१२ मध्ये बारा अणूंत एक बिट आणि २०१७ मध्ये होल्मियम या धातूच्या एकाच अणूवर एक बिट लिहून दाखवला. प्रयोग अतिशीत तापमानात, खोलीभर उपकरणांच्या मदतीने झाले. डीएनएच्या रेणूत माहिती लिहिण्याचे प्रयोगही यशस्वी झाले आहेत, पण लिहिणे अजून फार महाग आणि संथ आहे. तेव्हा निसर्गाने दार लावून घेतले आहे, असे बंधूंना सांगू नका. ते खरे नाही आणि ते लगेच तुम्हाला खोडून काढतील.

त्यांच्यापुढे ठेवायचा तो हिशेब असा. कपाटातली डिस्क कायमची नसते. साधारण पाच वर्षांनी ती बदलायची आणि फुटेज नव्या डिस्कवर घ्यायचे, असे धरू. आज दोन प्रतींचा खर्च ३,००० रुपये आहे. टेराबाइटची किंमत दरवर्षी ४० टक्क्यांनी उतरत गेली, तर पाच वर्षांनी तेवढ्याच जागेला २३३ रुपये लागतील, दहा वर्षांनी १८. अनंत काळचा सगळा खर्च मिळून सुमारे ३,२५० रुपये. बंधूंची योजना या जगात चालते, वर साडेसातशे रुपये उरतात. आता उतार वर्षाला १० टक्के धरा. पाच वर्षांनी १,७७१ रुपये लागतील, दहा वर्षांनी १,०४६, आणि एकूण बेरीज जाते ७,३०० च्या वर. उतार ५ टक्के असेल तर बेरीज १३,२०० च्या वर. किंमत मुळीच उतरली नाही, तर नुसत्या पन्नास वर्षांचे ३०,००० रुपये होतात. सगळ्या गणितांत तंत्रज्ञान मर्यादा ओलांडतेच आहे असे समजा. बदलला आहे तो फक्त वेग, आणि तेवढ्याने फायद्याची योजना तोट्याची झाली.

बंधू म्हणतील, की बाजूला ठेवलेल्या पैशांवर व्याज मिळेल. बरोबर आहे, आणि ते धरले तर आकडे खाली येतील. पण त्यासाठी ते पैसे खरोखर वेगळ्या खात्यात राहिले पाहिजेत, पुढच्या ड्रोनमध्ये जाता कामा नयेत. शिवाय डिस्क परदेशातून येतात. २०११ च्या मध्यास डॉलर ४५ रुपयांच्या आसपास होता, आता तो ९० च्या घरात आहे. म्हणजे डॉलरमधली उतरण तुमच्यापर्यंत पोहोचेपर्यंत तिच्यातला काही भाग विनिमय दरातच जिरतो. अलीकडे डेटा सेंटरांच्या मागणीने मेमरीच्या किमती उलट वर गेल्या, हे तुम्ही खरेदी करताना पाहिलेच असेल. आणि या हिशेबात मी एक बाब अजून धरलेलीच नाही: दर पाच वर्षांनी शेकडो लग्नांचे फुटेज एका डिस्कवरून दुसरीवर घेणे, ते उघडते की नाही तपासणे, यादी ठेवणे. हे काम करणाऱ्या माणसाची मजुरी दरवर्षी स्वस्त होत नाही.

असे वचन तुमच्याहून फार मोठ्यांनाही झेपलेले नाही. गूगल फोटोजने २०१५ मध्ये थोड्या कमी दर्जाच्या फोटोंना मोफत आणि अमर्याद जागा देऊ केली होती. १ जून २०२१ पासून ती सवलत नव्या फोटोंसाठी बंद झाली. ॲमेझॉननेही एका ठरावीक वार्षिक शुल्कात दिलेली अमर्याद साठवण २०१७ मध्ये आवरती घेतली. या कंपन्या डिस्क घाऊक दरात घेतात आणि आपल्या अटी बदलण्याइतके त्यांचे बळ आहे. तुमच्या दुकानात मात्र ‘आजीवन’ असे छापलेली पावती घेऊन कोणी पंधरा वर्षांनी उभा राहिला, तर ग्राहक संरक्षण कायद्याखाली ती सेवेतील त्रुटी ठरू शकते. आणि त्याआधी गावातले नाव जाईल ते वेगळेच. आजीवन म्हणजे कोणाचे आयुष्य, नवरा-नवरीचे, डिस्कचे की दुकानाचे, हेही पावतीवर लिहिलेले नसते.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे: साठवणुकीचे पैसे जरूर घ्या, पण मुदत घालून. आज तुम्ही फुटेज फुकट सांभाळता, तोही तोट्याचाच व्यवहार आहे, आणि ती सेवा विकता येते हे बंधूंनी ओळखले ही त्यांची व्यवहारबुद्धी आहे. काम पोहोचवल्यापासून एक वर्ष साठवण मूळ दरातच धरावी. त्यापुढे तीन किंवा पाच वर्षांसाठी शुल्क घ्यावे आणि मुदत संपताना त्या वेळच्या किमतीप्रमाणे नव्याने ठरवावे. डिस्क स्वस्त झाल्या तर ग्राहकालाही फायदा मिळेल, महागल्या तर तुमचे दिवाळे निघणार नाही. वेगाचा जुगार दोघांपैकी कोणालाच खेळावा लागत नाही.

त्याहून चांगला पर्याय म्हणजे मूळ फुटेज ग्राहकाच्याच डिस्कवर देणे. अनेक कुटुंबे आनंदाने डिस्क आणून देतील. मात्र ती देताना तोंडी सांगा आणि लिहूनही द्या, की एकच प्रत म्हणजे प्रत नव्हे; दुसरी प्रत दुसऱ्या घरी, माहेरी किंवा पुण्या-मुंबईतल्या भावंडाकडे ठेवावी, आणि वर्षातून एकदा डिस्क जोडून दोन-चार फाइल उघडून पाहाव्यात. घरच्या फोटोंबद्दल हाच प्रश्न पडलेल्या इतर वाचकांनाही माझे हेच सांगणे आहे. तुमच्या स्वतःच्या दोन प्रती सध्या एकाच कपाटात असतील, तर आग, चोरी आणि पूर या तिन्हींसाठी ती एकच प्रत आहे. दुसरी घरी न्या. पुढच्या पाच वर्षांच्या डिस्क आजच घेऊन ठेवू नका आणि स्वस्त होतील म्हणून या हंगामाची खरेदीही लांबवू नका. वर्षभराला लागेल तेवढेच घ्यावे. दोन प्रतींसाठी वेगवेगळ्या खेपेच्या, शक्य तर वेगळ्या कंपन्यांच्या डिस्क वापरा. चुंबकीय टेपबद्दल कोणी सुचवेल: २०२१ पासून मिळणाऱ्या तिच्या नवव्या पिढीच्या एका कॅसेटसारख्या पेटीत (कार्ट्रिजमध्ये) १८ टेराबाइट मावतात आणि ती दीर्घकाळ टिकते, पण ती लिहिणारे यंत्रच काही लाखांचे आहे, तुमच्या पसाऱ्याला ते परवडणार नाही.

दुसरे काम निवडीचे. ५०० जीबीमध्ये कॅमेरा चालू राहिलेला वेळ, हललेली दृश्ये आणि त्याच विधीची तिन्ही कॅमेऱ्यांतली पुनरावृत्ती किती असते, हे तुम्हीच जाणता. एडिटिंग संपताच निरुपयोगी भाग काढून टाकला, तर जे उरेल ते कदाचित निम्मे असेल आणि वरचे सगळे आकडेही निम्मे होतील. साठवणूक स्वस्त होणार या भरवशावर हे काम वर्षानुवर्षे टळत आलेले असते.

डीव्हीडींना मात्र आधी हात घाला. नव्या लॅपटॉपमधून त्यांचा ड्राइव्ह केव्हाच गेला आहे आणि घरी लिहिलेल्या तबकड्यांचा रंगद्रव्याचा थर उन्हाने व दमटपणाने बिघडतो. ज्या अजून वाचता येतात त्या याच पावसाळ्यात डिस्कवर उतरवा. ज्या वाचता येत नाहीत त्यांची यादी करा, म्हणजे फोन आला तर निदान खरे उत्तर देता येईल.

राहिली ती तोंडी शब्द दिलेली तीन-चार कुटुंबे. त्यांना बंधूंनी स्वतः भेटावे. दोन मार्ग त्यांच्यापुढे ठेवा: एक तर संपूर्ण मूळ फुटेज तुमच्या खर्चाने एका नव्या डिस्कवर देऊन व्यवहार पूर्ण करायचा, किंवा दहा वर्षांची लेखी हमी द्यायची. दहा वर्षे हा काळ तुमच्या हिशेबात बसतो, कारण त्यात पाचव्या वर्षी एकदाच डिस्क बदलावी लागते आणि सर्वांत वाईट दरानेही तो खर्च आणखी ३,००० रुपयांच्या आसपास राहील. पैसे घेतलेले असतील आणि कोणी परत मागितले, तर वाद न घालता परत करा.

आणि तुळशीच्या लग्नानंतरची लग्नसराई सुरू होण्याआधी पावतीपुस्तक नव्याने छापून घ्या. मजकूर एवढाच पुरे आहे: ‘मूळ फुटेज काम सुपूर्द केल्यापासून एक वर्ष सांभाळले जाईल. पुढील साठवणुकीसाठी मुदत संपण्यापूर्वी त्या वेळच्या दराने नूतनीकरण करावे. नूतनीकरण न झाल्यास नोंदवलेल्या दोन मोबाइल क्रमांकांवर कळवून, तीस दिवसांनंतर फुटेज पुसले जाईल.’ दोन क्रमांक घ्या, एक वराकडचा आणि एक वधूकडचा, आणि खाली सही घ्यायला विसरू नका.